मोटारसायकलचे टायर बदलताना



बैलगाडीच्या लाकडी चाकावर जे लोखंडी कडे चढवितात, त्यास खेड्यात ‘धाव’ म्हणतात. धाव बसविणारा लोहार आधी चाकाचा घेर मोजतो, कडे त्याहून किंचित लहान बेततो, आगीत लाल होईतो तापवितो आणि चाकावर चढवून वर पाणी ओततो. कडे आकसते व चाक घट्ट आवळले जाते. रुंद धाव अधिक शोभून दिसेल म्हणून कोणी शेतकरी भलत्याच मापाची धाव मागत नाही. १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढे ही धाव रबराची झाली. मापाचा प्रश्न मात्र तोच राहिला.

अंधेरीसारख्या उपनगरात हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. मरोळ व साकीनाका येथील कारखाने आणि कचेऱ्या, वर्सोव्याकडील वस्ती, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि स्वामी विवेकानंद मार्ग यांच्यामध्ये दिवसभर दुचाकींची रीघ असते. नोकरदार, फिरते विक्रेते, घरपोच जेवण व सामान पोहोचविणारी मुले यांची सारी कमाई या दोन चाकांवर. रस्ताही एकजिनसी नाही. काही भाग काँक्रीटचा, काही डांबरी, मध्येच पेव्हर ब्लॉक, गटारांची लोखंडी झाकणे आणि उड्डाणपुलांचे पोलादी सांधे. जूनमधील पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल, धूळ व पाणी यांचा निसरडा थर तयार होतो. रेल्वेखालचा अंधेरीचा भुयारी मार्ग तर जोराच्या पावसात पाण्याने भरून वाहतुकीस बंदच करावा लागतो. अशा रस्त्यावर धावत्या मोटारसायकलचा जमिनीशी संबंध असतो तो प्रत्येक चाकामागे जेमतेम तळहाताएवढ्या रबराचा. ब्रेक कितीही उत्तम असला तरी गाडी अखेर थांबते ती या रबराच्या पकडीवरच.

गाडीबरोबर आलेले टायर झिजले म्हणजे नवे कोणते घ्यावेत? मूळ टायर ज्या कंपनीचे, त्याच कंपनीचे घेतले पाहिजेत असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. गाडीचा उत्पादक टायर निवडताना किंमत, इंधनाची बचत आणि दीर्घ टिकाऊपणा यांचाही हिशेब करतो. कठीण रबर पुष्कळ दिवस टिकते, पण ओल्या रस्त्यावर मऊ रबराइतके चिकटून राहत नाही. पावसाचे चार महिने रोज गाडी चालविणाऱ्याने थोडे लवकर झिजणारे, परंतु पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचांचे व मऊ रबराचे टायर घेतले, तर तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. तेव्हा कंपनी खुशाल बदलावी. बदलू नये ते माप आणि क्षमता.

ही दोन्ही टायरच्या कडेवर कोरलेली असतात. वाचण्याची तसदी मात्र फार थोडे घेतात. समजा, तेथे १००/९०-१७ असे लिहिले आहे. याचा अर्थ टायरची रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. पुढे ५५ पी असे असल्यास ५५ हा भारांक होय. तो २१८ किलोग्रॅम भार दर्शवितो. पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटर वेगमर्यादा सांगते. भारांक ४८ असेल तर तोच भार १८० किलोग्रॅमवर येतो. मागे सामानाची पेटी बांधून फिरणाऱ्यास, किंवा पत्नी व मुलास घेऊन जाणाऱ्यास, स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला कमी भारांकाचा टायर केव्हा दगा देईल याचा नेम नाही.

तरुणांचा ओढा असतो तो रुंद टायरकडे. मागचे चाक भरदार दिसावे एवढाच त्यामागील हेतू. शाळेत सहज सोडविता येईल असे एक गणित येथे उपयोगी पडते. १००/९०-१७ या टायरचा बाहेरील व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर भरतो. ११०/९०-१७ चा सुमारे ६३०. फरक तीन टक्क्यांचा. ज्या चाकावरून वेगमापक चालतो त्या चाकाला असा टायर घातल्यास काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. चाक अडकू न देणारी ए.बी.एस. ही ब्रेक व्यवस्था १ एप्रिल २०१८ पासून १२५ सी.सी.वरील नव्या नमुन्यांना सक्तीची झाली. तीही चाकांचे फेरे मोजूनच काम करते. माप बदलले तरी तिचा हिशेब मूळ मापाचाच राहतो. शिवाय रिम जुनीच असल्याने रुंद टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा अधिक गोल होतो. म्हणजे पैसे रुंदीचे मोजूनही सरळ रस्त्यावर टेकणारा भाग त्या प्रमाणात वाढत नाही. वळणावर गाडी जड वाटते, टायर कधी साखळीला घासतो आणि पेट्रोलही जास्त लागते ते वेगळेच.

रेडियल व साधा, म्हणजे आडव्या-तिरप्या धाग्यांचा, असे टायरचे दोन प्रकार आहेत. उत्पादकाने सांगितल्याखेरीज पुढे एक व मागे दुसरा अशी सरमिसळ करू नये. तारांच्या चाकाला सामान्यतः ट्यूब लागते, आणि नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घालावी.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये दुचाकीच्या टायरवरील खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही अगदी तळाची मर्यादा आहे. मुंबईच्या पावसात तिथवर थांबणे शहाणपणाचे नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांस मनाई केली आहे. टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह असणे आवश्यक असून दुचाकीच्या टायरसाठीचे मानक आय.एस. १५६२७ हे आहे.

दुकानात आणखी एक गोष्ट पाहावी. कडेवर चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३२५ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेले रबर न वापरताच कडक होते, आणि मोठ्या सवलतीचे रहस्य पुष्कळदा तेथेच असते. टायर बसविताना कडेवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे हे पाहावे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोराचा ब्रेक व तीव्र वळण टाळावे. हवा टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. पंक्चरवाल्याच्या बोटाच्या अंदाजाने नव्हे.

उतरविलेला जुना टायर पुष्कळदा गच्चीवर, गॅरेजच्या छपरावर किंवा गावात परसदारी टाकला जातो. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडिस डास अंडी घालतो. पंचायत सदस्यांनी व शाळांनी पावसाळ्याआधी असे टायर हुडकून उचलण्याची व्यवस्था करावी. दुकानदार परत घेत असेल तर टायर त्याच्याकडेच सोडावा. तोवर ठेवणे भागच असेल तर छपराखाली, कोरडा ठेवावा.