कोयना : नदी पूर्वेची, वीज पश्चिमेची



कोयना धरण समजून घ्यायचं तर भिंतीआधी सह्याद्रीकडे बघावं लागतं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना डोंगरधारेला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पश्चिमेला मात्र डोंगर ओलांडला की कोकण साडेचारशे मीटरहून अधिक खाली. ही उतरण टाटांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हेरली होती. प्रत्यक्ष काम स्वातंत्र्यानंतर, १९५४च्या सुमारास सुरू झालं आणि १९६४मध्ये धरण पुरं झालं.

भिंत १०३ मीटर उंच, शिवसागर या तिच्या जलाशयाची साठवण आज सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). पण प्रकल्पाच्या १९६० मेगावॉटपैकी धरणाच्या पायथ्याशी निघतात फक्त ४०. बाकीची सगळी वीज बोगद्यांतून घाटाखाली उतरलेल्या पाण्याची. ते पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून कोळकेवाडीच्या जलाशयात येतं, तिथून पुन्हा अलोऱ्याची जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी पाण्यानं भरलेल्या जलाशयाच्या तळाचा शेवटचा खडक सुरुंगानं उडवला. हेच ते ‘लेक टॅपिंग’. कोयनेला भाग्यलक्ष्मी म्हणून हात जोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की औष्णिक संच तापायला तासन्‌तास लागतात आणि कोयनेचा संच काही मिनिटांत वीज देतो. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हा तिची खरी किंमत कळते.

आता ११ डिसेंबर १९६७. दख्खनचा कातळ म्हणजे भूकंपापासून अभय, अशी तेव्हा तज्ज्ञांचीही समजूत होती. जलाशय भरू लागल्यापासून परिसरात हादरे बसत होतेच. त्या पहाटे सव्वाचारनंतर मोठा धक्का बसला. कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या पातळीवर तडे गेले. धरण मात्र टिकलं. मग ते काँक्रीटनं मजबूत केलं, देशाचा भूकंप-नकाशाही बदलला. पाण्याच्या साठ्यानं भूकंपाला चालना मिळते का, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांनी इथूनच गांभीर्यानं घेतला. त्यासाठी गोठण्याला सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. माझ्या मते आपल्या धरणांच्या इतिहासातला सर्वांत महाग धडा हाच.

दुसरा हिशेब अजून मिटलेला नाही. खोऱ्यातली गावं उठली, ती रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली, म्हणजे शिवसागर भरून बरीच वर्षं झाल्यावर. जमिनीच्या हक्कासाठी या लोकांच्या पुढच्या पिढ्या कोयनानगरला आणि मुंबईला ठिय्या देत आल्या.

आणि पाणी? कृष्णेच्या पाण्याची राज्यांत वाटणी करणाऱ्या लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली. वीज करून झाल्यावर त्यातलं बहुतेक पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्राला जातं. इकडे उन्हाळ्यात टेंभू-ताकारी उपसा योजनांच्या पंपांना पाणी हवं म्हणून सांगलीचे शेतकरी कोयनेच्या विसर्गाकडे डोळे लावून बसतात. तेच पाणी पोफळीला सोडलं तर वीज, पायथ्यातून सोडलं तर ऊस आणि द्राक्षं. त्यामुळे दर उन्हाळ्यात किती टीएमसी कुठे सोडायचं, यावर पाटबंधारे खातं, वीज कंपनी आणि सांगली-साताऱ्याचे पुढारी यांच्यात ओढाताण सुरू होते.