हवेच्या हिशेबाने लिहायचा इतिहास





चंद्रावरच्या भावी वस्तीचा इतिहास मराठीत कसा लिहावा, हा या संमेलनाचा विषय. त्यासाठी मुंबई-पुणे सोडून बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे तालुक्याचे गाव कशाला, असे काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर गावाला लागूनच आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, अशनीच्या आघाताने तयार झाले. आर्गॉन पद्धतीच्या कालमापनानुसार त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे भरते. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळपट डाग दिसतात तेही बेसॉल्टचेच. म्हणून १९७३ साली फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणारवर निबंध लिहिला, तेव्हा इथल्या काचेच्या बारीक गोळ्या आणि अपोलो यानांनी आणलेले चंद्राचे नमुने यांतले जवळचे साम्य त्यांनी दाखवून दिले. लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे देऊळ लोणारकरांच्या रोजच्या आयुष्यातली आहेत. त्याच मातीला चंद्रही लागून आहे, हे पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहावे, म्हणून हा आग्रह.

मराठी वाचकाला चंद्रप्रवास नवा नाही. ज्यूल व्हर्नची चंद्रसफर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत अवतरली. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. नावाची आद्याक्षरे उलटी केली की लेखक कळतो: जयंत विष्णू नारळीकर. त्याच नारळीकरांना २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले आणि विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मुख्य मांडवात मानाची जागा मिळाली. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मृतीला हे संमेलन आदराने वंदन करते.

आता विषयाकडे. चंद्राच्या भावी इतिहासाची कल्पना केली की आधी डोळ्यांपुढे येतात ती याने, झेंडे आणि पहिले पाऊल टाकणारे वीर. स्वागत समितीचे म्हणणे वेगळे आहे. हा इतिहास हवेच्या आणि पाण्याच्या हिशेबाने लिहायला हवा, कारण चंद्रावरच्या माणसाची प्रत्येक सवय, प्रत्येक कायदा आणि प्रत्येक भांडण तिथून सुरू होणार आहे.

हिशेब मांडून पाहू. पृथ्वीवर समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा उभी असते. चंद्राचे गुरुत्व पृथ्वीच्या एकषष्ठांश. तेवढाच दाब हवा असेल तर तिथे चौरस मीटरमागे ६२ टनांच्या आसपास हवा लागेल. चंद्राचे क्षेत्रफळ ३ कोटी ७९ लाख चौरस किलोमीटर. सगळी बेरीज केली तर पृथ्वीच्या एकूण वातावरणाच्या जवळजवळ निम्मी हवा एका चंद्राला घालावी लागते. प्राणवायूची अडचण तुलनेने कमी, कारण चंद्राच्या मातीच्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक तोच आहे, फक्त खनिजांत घट्ट बांधलेला. खरा तुटवडा नत्रवायूचा. पृथ्वीच्या हवेत तो ७८ टक्के, चंद्राच्या मातीत नावापुरता. तो कुठून आणला, कोणी आणला आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढ्यावर एक मोठी कादंबरी उभी राहू शकते.

चंद्राला हवा टिकवताच येत नाही, असे सरसकट म्हटले जाते. डेब्रा नीडहॅम आणि डेव्हिड क्रिंग यांनी २०१७ मध्ये केलेल्या गणिताने वेगळे चित्र समोर आणले. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी ज्वालामुखींनी ओकलेल्या वायूंचे एक विरळ वातावरण चंद्राभोवती तयार झाले असावे, आजच्या मंगळावरच्या हवेपेक्षा दाट, आणि ते विरायला ७ कोटी वर्षे लागली असावीत, असे त्यांनी दाखवले. म्हणजे उघड्या आभाळाखालचा चंद्र कल्पिणारा लेखक भौतिकशास्त्राला सोडून बोलत नाही. मात्र त्या अध्यायाआधी बंद दारांची अनेक शतके त्याला लिहावी लागतील.

त्या शतकांची सुरुवात जमिनीखाली होईल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा ‘विक्रम’ हा लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या दिशेला उतरला. त्यावरच्या ‘चास्टे’ या उपकरणाने मातीत तापमापक खुपसला. वर सुमारे ५० अंश सेल्सिअस, तर अवघ्या ८ सेंटीमीटर खाली उणे १० च्या आसपास! चंद्राची माती उष्णतेला एवढी अडवते की काही मीटर खोल राहणाऱ्याला वरचा दिवस-रात्रीचा फरक जाणवणारही नाही. शिवाय निवारे आयते आहेत. जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांत २००९ साली लाव्हा-नळीत उतरणारे विवर दिसले. २०२४ मध्ये चंद्रावरच्या शांतिसागरातल्या एका विवराखाली गुहा असल्याचे रडारच्या नोंदींवरून सिद्ध झाले. चंद्राच्या मातीत पाण्याची खूण असल्याचे चंद्रयान-१ वरच्या उपकरणाने २००९ मध्ये जगाला सांगितले होते. निवारा आहे, पाणी आहे. पुढचा प्रश्न अन्नाचा.

इथे दोन रोपांची गोष्ट प्रत्येक लेखकाने मनात ठेवावी. जानेवारी २०१९ मध्ये चिनी चांग-ई-४ यानातल्या बंद डब्यात कापसाचे बी रुजले. चंद्रावर उगवलेला तो पहिला कोंब. चौदा दिवसांची रात्र आली, डबा गारठला आणि कोंब मेला. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलोने आणलेल्या खऱ्या चंद्रमातीत मोहरीच्या कुळातले एक रोप वाढवले गेले. ते उगवले, पण खुरटले. यांतल्या कापसाची ओळख विदर्भाला नव्याने करून द्यायला नको. चंद्रावरच्या पहिल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगायला शेती जगलेला लेखक लागेल आणि तो मराठीत आहे.

बंद घरात माणसे राहिली की काय होते, तेही पृथ्वीवर अनुभवून झाले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या बंद जगात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली. शेती होती, झाडे होती, छोटा समुद्रही होता. तरीही प्राणवायू जवळजवळ २१ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर घसरला. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध मातीतले सूक्ष्मजीव तो खात होते आणि त्यातून निघालेला कर्बवायू काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. ॲरिझोनात ‘बाहेर’ होते, चंद्रावर ते नसेल. भिंतीचा लेप बदलला म्हणून अख्खे गाव धापा टाकू लागले, अशी घटना तिथल्या इतिहासात युद्धाइतकी महत्त्वाची ठरेल.

आणि हवा बनवावी लागते म्हटले की तिचा मालक आला. इयन मॅकडोनाल्ड यांच्या ‘लुना’ कादंबऱ्यांत श्वासाचेही बिल येते. रॉबर्ट हाइनलाइन यांची १९६६ ची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ त्याहून जवळची वाटेल. तिच्यात चंद्रावरचे शेतकरी बर्फ वितळवून गहू पिकवतात आणि तो पृथ्वीवर, भारतात पाठवतात. गव्हाबरोबर पाणीही कायमचे जाते. साठा किती वर्षांत संपणार, याचे उत्तर कळते आणि बंड पेटते. उसाच्या मोळीबरोबर गावाचे पाणी कुठे जाते, हा वाद ऐकत वाढलेल्या वाचकाला या कथेचा गाभा समजावून सांगावा लागणार नाही.

कायद्याची बाजूही अर्धवटच आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. चंद्राची संपत्ती सगळ्या मानवजातीची मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिली नाही. जून २०२३ मध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात सामील झाला. चंद्रावरच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे मात्र अजून ठरायचे आहे. ते ठरण्याआधी त्यावर गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत, असे स्वागत समितीला कळकळीने वाटते.

म्हणून या संमेलनातल्या लेखकांकडे एक मागणे आहे. चंद्राचा इतिहास लिहिताना हवेचे यंत्र रात्रपाळीला सांभाळणारी बाई, गळती शोधणारा कामगार, पहिल्या शाळेतली मास्तरीण आणि जमिनीखाली जन्मलेले, आभाळ न पाहिलेले मूल यांना त्यात नाव द्यावे. लोणारच्या शाळांतली मुले आज मागच्या रांगांत बसली आहेत. परिसंवादात प्रश्न विचारण्याची पहिली संधी त्यांना द्यावी, ही परिसंवादांच्या अध्यक्षांना विनंती.

विवराच्या काठावर अभ्यासकांबरोबर जाण्याची सोय केली आहे. हे रामसर यादीतले पाणथळ क्षेत्र आहे, तेव्हा दगड उचलू नयेत आणि प्लास्टिक नेऊ नये.  व्यवस्थेत काही उणे राहिले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगावे. संमेलनाध्यक्षांनी आता संमेलनाची सूत्रे स्वीकारावीत, अशी त्यांना नम्र विनंती.