वहीत न लिहिलेला खर्च
(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



‘ऋण काढून सण’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या निंदेच्या अर्थाने वापरला गेला. कर्ज ही चारचौघांत सांगण्याची गोष्ट नव्हती. मागच्या पिढीतील शिक्षक, कारकून, रेल्वेतील नोकरदार स्वतःचे घर घेत ते बहुधा निवृत्तीच्या उंबरठ्यावर, भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आल्यावर. १९७७ साली मुंबईत एचडीएफसीची स्थापना झाली आणि पगारदार माणसाने ऐन तारुण्यात घर घ्यावे व नोकरीच्या काळात ते फेडावे, ही कल्पना हळूहळू मध्यमवर्गात रुजली. त्यात गैर काहीच नाही. आयुष्यभर घरभाडे भरून शेवटी हाती काही न उरण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही बरा. आज अनेक घरांची झोप उडाली आहे ती गृहकर्जाच्या आजूबाजूला नकळत उगवलेल्या लहान लहान कर्जांमुळे. शेतात मुख्य पिकापेक्षा तणच जोमाने वाढावे, तसे हे होते.

आकड्यांवाचून हा विषय कळत नाही, म्हणून उदाहरणादाखल एक कुटुंब कल्पू या. कुटुंब डोंबिवलीतले. पती खासगी आस्थापनेत नोकरीला. हाती येणारे वेतन ६२,००० रुपये. पत्नी घरी शिकवण्या घेऊन महिन्याला १४,००० मिळवते. दोन मुले आणि वृद्ध वडील. एकूण प्राप्ती ७६,००० रुपये. आता देणी पाहा. तीस लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांचे. त्याचा हप्ता सुमारे २६,०००. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेले चार लाखांचे वैयक्तिक कर्ज, चौदा टक्के दराने, चार वर्षांचे, हप्ता १०,९३०. दुचाकीचा हप्ता ३,२००. शिवाय क्रेडिट कार्डावर ९०,००० रुपयांची थकबाकी, तिची ‘किमान देय रक्कम’ पाच टक्के, म्हणजे ४,५००. सर्वांची बेरीज ४४,६३० रुपये. घरखर्चाला उरतात ३१,३७०.

या घरात खर्चाची वही आहे, आणि ती गृहिणी नियमाने लिहिते. वाणी, दूध, भाजी, गॅस, वीज, सोसायटीची वर्गणी, लोकलचा पास, मोबाइल, औषधे, शाळेची बस असे सारे धरून महिन्याचा खर्च ३०,००० भरतो. म्हणजे १,३७० रुपये शिल्लक राहायला हवेत. आणि तरीही कार्डाची थकबाकी वर्षागणिक वाढतच आहे! एखाद्या रात्री मुले निजल्यावर ती पतीला विचारते, “अहो, वहीत तर हजार-तेराशे शिल्लक दिसतात. मग हे बिल वाढतं कसं?” त्या बिचाऱ्याजवळ उत्तर नसते. उधळपट्टी कोणीच केलेली नाही. व्यसन नाही, चैन नाही. दोघांच्याही मनात एकमेकांविषयी एक सूक्ष्म संशय मात्र घर करू लागतो, आणि कर्जाने केलेली खरी हानी ती हीच.

उत्तर वहीतच आहे. किंबहुना वहीत जे नाही त्यात आहे. जूनमध्ये दोन्ही मुलांची शाळेची रक्कम, पुस्तके, गणवेश मिळून २४,०००. विम्याचे वार्षिक हप्ते १८,०००. गणपती आणि दिवाळी मिळून २०,०००. दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती ४,०००. मे महिन्यात गावी जाणे-येणे ६,०००. ही बेरीज ७२,००० होते, म्हणजे दरमहा ६,०००. हा खर्च महिन्याच्या वहीत येत नाही, कारण तो महिन्याचा नाही. तो येतो तेव्हा ‘या महिन्यात जरा जास्त झालं’ असे म्हणून कार्ड पुढे केले जाते. वास्तविक दर वर्षी ठरलेल्या तिथीला येणारा खर्च आकस्मिक कसा म्हणावा? गणेश चतुर्थी काही अचानक येत नाही. तेव्हा या घराचा खरा मासिक खर्च ३६,००० आहे आणि खरी तूट ४,६३० रुपयांची आहे. ती दरमहा कार्डावर जाऊन बसते.

आता कार्डाचा व्यवहार बारकाईने पाहा, कारण सुशिक्षित माणसेही येथेच फसतात. कार्डावरील थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचे ते चाळीस टक्क्यांच्या वर जाते. नव्वद हजारांवर महिन्याचे व्याज ३,१५० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी ५६७. किमान रक्कम म्हणून भरलेल्या ४,५०० पैकी ३,७१७ असे व्याजात आणि करात गेले. मुद्दल फिटले फक्त ७८३ रुपये. त्याच महिन्यात तुटीचे ४,६३० पुन्हा कार्डावर चढले. शिवाय पूर्ण बिल न भरणाऱ्याला नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही मिळत नाही. सोमवारी घेतलेल्या तांदळावर सोमवारपासूनच व्याज सुरू. ‘किमान रक्कम भरली, आता चिंता नाही’ हे समाधान म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरल्याचे समाधान आहे.

गंमत अशी, की याच घरात एक लाख वीस हजारांची मुदतठेव आहे. तिच्यावर सात टक्के व्याज मिळते. ती कोणीही मोडायची नाही, असा घराचा अलिखित नियम आहे. वडील म्हणतात, “ठेव मोडणं म्हणजे घराचा वासा काढून चुलीत घालणं.” ज्या पिढीने काटकसरीने पै पै जमवली, तिच्या तोंडी हे वाक्य शोभते, आणि त्याचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु नव्वद हजारांवर ठेवीतून महिन्याला ५२५ रुपये मिळतात आणि तेवढ्याच थकबाकीवर ३,७१७ रुपये जातात. हा व्यवहार वडिलांसमोर वहीत मांडून दाखवला, तर तेच सर्वांत आधी ‘मोडा’ म्हणतील. मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक व्याजात थोडी कपात करील, तेवढी सोसावी. कार्डाचे नव्वद हजार एकरकमी चुकते करावेत आणि उरलेले तीस हजार अडीअडचणीसाठी वेगळे ठेवावेत. कार्ड कपाटात जावे. फोनवरच्या खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला कार्डाचा क्रमांकही काढून टाकावा, नाहीतर कपाटाला कुलूप लावून उपयोग काय?

एवढ्या एका पावलाने ४,५०० रुपयांचा हप्ता संपतो. हाती ३५,८७० उरतात आणि वर्षाचे खर्च धरून गरज आहे ३६,००० ची. तूट १३० रुपयांवर आली. अद्याप कोणाच्या ताटातला घास कमी केलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

काटकसरीचा विचार यानंतर यावा. आपल्याकडे तो नेमका उलटा होतो. कर्ज अंगावर आले की पहिली कुऱ्हाड दुधावर, फळांवर आणि बहुतेकदा गृहिणीच्या स्वतःच्या औषधावर पडते. तिचे गुडघे दुखत असतात. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ती डॉक्टरकडे जाणे टाळते, आणि हे वहीत कोठेच नोंदले जात नाही. त्याच घरात चार मोबाइलची महागडी रिचार्जे, न पाहिलेल्या वाहिन्यांची वर्गणी आणि आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवलेले जेवण सुखेनैव चालू असते. या कुटुंबाने बाहेरचे जेवण २,२०० वरून ७०० वर आणले, तर दीड हजार वाचतात. रिचार्ज आणि वर्गण्यांत सातशे. वडिलांची रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे कायमची आहेत. त्याच घटकांची औषधे जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना विचारून ती तेथून आणली, तर महिन्याला हजार रुपये सुटावेत. वाण्याची यादी महिन्यातून एकदाच करून, फोनवरून दहा मिनिटांत येणारी किरकोळ मागवणी बंद केली, तर आणखी आठशे. हे चार हजार झाले. आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांना मात्र हात लावू नये. वडिलांच्या त्या शस्त्रक्रियेला विम्याचे कवच असते, तर १०,९३० चा हप्ता बसलाच नसता.

आता दरमहा ३,८७० रुपये खरोखरीच शिल्लक राहतात. उत्साहाच्या भरात ते लगेच कर्जात भरू नयेत. पहिले वर्ष ते बाजूला काढलेल्या तीस हजारांत घालावेत. वर्षअखेर ही गंगाजळी ७६,००० च्या वर जाते, म्हणजे घराच्या एका महिन्याच्या प्राप्तीइतकी. एखाद्या महिन्यात पगार लांबला, मूल आजारी पडले, तर कार्ड कपाटातून बाहेर येत नाही. त्यानंतरची शिल्लक वैयक्तिक कर्जाकडे वळवावी, कारण आता सर्वांत महाग तेच आहे. मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास शुल्क लागते का, हे करारपत्रात आधी पाहून घ्यावे. दुचाकीचा हप्ता संपेल तेव्हा ते ३,२०० नव्या फोनच्या हप्त्यात न जाता याच कर्जात जावेत. भिशी लावून कर्ज फेडण्याचा विचार काही घरांत चालतो. पण भिशी हाही एक हप्ताच आहे, हे विसरून चालणार नाही.

गृहकर्ज शेवटी. ते स्वस्त आहे, पण लांबलचक आहे. या उदाहरणात पहिल्या महिन्याच्या २६,००० पैकी २१,२५० निव्वळ व्याज आहे, आणि वीस वर्षांत तीस लाखांवर बत्तीस लाखांहून अधिक व्याज भरले जाते. दर वर्षी एक हप्ता अधिक भरला, तर हेच कर्ज तीन वर्षांहून अधिक काळ आधी संपते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली, हे पुष्कळांना अजूनही ठाऊक नाही. दुसरी एक गोष्ट. मे २०२२ मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. हप्ता तेवढाच राहिल्याने अनेकांना काही कळले नाही. वाढली ती मुदत. पन्नाशीतल्या कर्जदाराचे कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला मिळाली पाहिजे. २०२५ मध्ये दर पुन्हा खाली आले. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. तो जुन्याच आकड्यावर ठेवून मुदत कमी करून मागावी. ‘करसवलतीसाठी कर्ज राहू द्या’ हा सल्लाही तपासून घ्यावा. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही.

घरातील सोन्याचा प्रश्न नाजूक आहे. कर्ज फेडताना पहिली नजर जाते ती पत्नीच्या दागिन्यांकडे. स्त्रीधन तिचे स्वतःचे आहे, पतीची त्यावर मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ती आपण होऊन काढून देईल तर गोष्ट वेगळी. पण तिने कधी देऊ केले आणि पतीने कधी सुचवले, यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळत असतो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर घेतला आहे, हे त्याला ठाऊक नसे. आज आपल्याला वाचता येते. तरी फोनवरील कर्जाच्या ॲपमध्ये ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट टेकवताना किती जण वाचतात? तो आधुनिक अंगठाच म्हणायचा. अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घातले. एकूण वार्षिक खर्चाचा दर आधी सांगणे आणि विचार बदलल्यास ठरावीक दिवसांत मुद्दल व त्या दिवसांचे व्याज भरून कर्जातून मोकळे होऊ देणे त्यांनुसार बंधनकारक आहे.

आणि इतके करूनही एखाद्या महिन्यात हप्ता चुकणार असे दिसले तर? तो चुकण्याआधी पती-पत्नीने दोघांनी मिळून बँकेत जावे, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या कायद्यान्वये बँक साठ दिवसांची नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणजे बोलण्यासाठी वेळ असतो, पण तो बहुतेक घरांत लपवाछपवीत जातो. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे. धमकी, नातेवाइकांना फोन, सोसायटीच्या दारात आरडाओरडा असे काही झाले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

त्या डोंबिवलीच्या घरातली वही आता दोघे मिळून लिहितील, महिन्याच्या पहिल्या रविवारी, वडिलांसमक्ष. मोठ्या मुलालाही शेजारी बसवावे. बेरीज त्याने करावी. शेवटच्या पानावर जून, गणपती, दिवाळी आणि मे असे चार रकाने आखावेत आणि वीज-दुधाच्या आधी त्या सहा हजारांची नोंद व्हावी. गृहिणीच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांचे शुल्कही त्याच महिन्यात लिहिले जावे.