गरिबीचे माप आपणच तपासू
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गरीब कोण, हे सरकार ठरवते. त्यावरच रेशन आणि घरकूल ठरते. म्हणून आज आपण सरकारच्या मापाबद्दल बोलू.

१९७१ साली पुण्याच्या दांडेकर आणि रथ यांनी माप दिले. रोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळेल एवढाही खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. २०१४ साली रंगराजन समितीने खेड्यासाठी माणशी महिना ९७२ रुपयांची रेषा सुचवली. म्हणजे दिवसाला ३२ रुपये!

पण घरोघर खर्च कोण मोजणार? म्हणून २०११ च्या सर्वेक्षणात खुणा ठरवल्या. घरी दुचाकी असली, की नाव बाहेर. पन्नास हजार किंवा जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असले, तरी बाहेर. म्हणजे बँकेने कर्ज दिले, की आपण श्रीमंत! घरकुलालाही पुढे हीच चाळणी लागली. दुचाकीची अट निघायला २०२४ साल उजाडले.

२०२१ मध्ये नीती आयोगाने नवे माप आणले. पोषण, शाळा, पाणी, संडास, वीज, चुलीचे सरपण, बँक खाते अशा बारा गोष्टी त्यात आहेत. यात चांगले आहे ते चांगलेच म्हणू. मायबहिणींच्या डोळ्यांतला धूर सरकारी हिशेबात आला. पण खाते आहे का, एवढेच विचारतात. डोक्यावर देणे किती, हे विचारत नाहीत. याच मापाने नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक गरिबीतून बाहेर पडले, असे २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा पावसाची सरासरी पाठ केली. शिवारात आल्यावर कळले, ज्वारी पोटरीत असताना पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर सरासरी कणीस भरत नाही. घराचेही तसेच आहे. सीतादहीनंतर सावरलेले दिसणारे घर दुबार पेरणीच्या वेळी सावकाराच्या दारात असते. एकदाच मोजले, तर हे दिसणार कसे?

सरकारलाही हे कधी तरी दिसते. २०१५ साली १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य द्यावे लागले. रेषेच्या वर असलेल्यांना धान्य लागले, मग रेषा कुठे चुकली? २०२३ मध्ये धान्याऐवजी रोख रक्कम आली. प्रश्न तसाच राहिला.

नुसती ओरड करून भागणार नाही. प्रत्येक तालुक्याने दोन गावे घ्यावीत. प्रत्येक गावात वीस घरे निवडा. मजुराचे, एकट्या बाईचे, कोरडवाहू कास्तकाराचे, विहीरवाल्याचेही. त्यांना सरकारच्या बारा गोष्टी विचारा आणि आपले चार प्रश्न जोडा. घरात किती महिन्यांची ज्वारी आहे? सावकाराचे आणि बँकेचे देणे किती? पाच वर्षांत किती हंगाम बुडाले? आजारपणात काय विकले? हे दोनदा करा, पेरणीआधी आणि कापूस विकल्यावर. कागदावर नाव नको, घराचा क्रमांक पुरे.

उत्तर आपल्या सोयीचे लिहू नका. आपल्यापेक्षा मजुराचे घर जास्त अडचणीत निघाले, तर तेच आधी मांडू. खोट्या मापाविरुद्ध आपण खोटे माप घेऊन जाणार नाही.

पुढच्या मेळाव्याला येताना हे कागद आणा. मग सरकारला विचारू, आमचे घर तुम्ही कोणत्या महिन्यात मोजले?