नानीचा आकडा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पाठ केलेले माणूस किती वेगाने विसरतो, हे त्याला मोजायचे होते. अर्थाची मदत होऊ नये म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले आणि घड्याळाच्या टिकटिकीवर त्यांच्या याद्या पाठ केल्या. प्रयोग दुसऱ्या कुणावर नाही, स्वतःवरच! तासाभराने तीच यादी पुन्हा पाठ करायला मूळच्या निम्म्याहून अधिक श्रम पडतात, असे त्याला आढळले.

अकरावीत मानसशास्त्र घेतलेल्या माझ्या भाचीने प्रकल्पासाठी असाच प्रयोग निवडला. 'ठिब', 'घुच', 'खेढ' अशा बारा शब्दांची यादी केली. मोहल्ल्यातल्या दहा जणांची आधी परवानगी घेतली, नावे लिहिणार नाही असे सांगितले. मला हे फार आवडले. बघायला गेलेल्या मुलीला सतरा प्रश्न विचारणारे आपण, परवानगी कधी मागितली आहे?

दहावी व्यक्ती तिची नानी, म्हणजे माझी अम्मी. वय ऐंशीच्या घरात. यादी ऐकून म्हणाली, "बेटा, याचा अर्थ काय?"

"अर्थ नाहीच, नानी."

"मग ध्यानात कशाला ठेवायचं?"

तरी नातीसाठी बसली. थोड्या वेळाने पाहतो तर ते बारा शब्द तिने जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवलेले! दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या पोरांना तीन-चार शब्द आठवताना घाम फुटला. अम्मीने अकरा म्हणून दाखवले.

मार्गदर्शक शिक्षकांनी सुचवले, हा आकडा गाळून टाक, आलेख नीट येईल. एका अर्थी त्यांचेही खरे होते. लक्षात ठेवण्याच्या युक्त्या एबिंगहाउसनेही वर्ज्य मानल्या होत्या. पण पोरगी दोन दिवस अस्वस्थ. इकडे गुणांची धास्ती, तिकडे नानी.

"मामू, चाल लावू नका असं मी सांगितलंच नव्हतं. मग तिचा आकडा खोडू कसा?"

मी तिला त्याच पुस्तकातली दुसरी नोंद सांगितली. बायरनच्या 'डॉन जुआन'मधली कडवी एबिंगहाउसला निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रमात पाठ झाली होती. अर्थ, लय आणि यमक यांचा तो प्रताप. (आम्हा कवींना तेवढाच आधार!)

तिने आकडा ठेवला. सरासरीत धरला नाही, पण आलेखाखाली वेगळा दाखवला, कारणासह. सूचना देताना आपले काय राहून गेले, तेही लिहिले.

गुण अजून कळायचे आहेत. अम्मीला मात्र तो बारावा शब्द कोणता होता, याचीच चौकशी.