पावसात नेला होता का?



मी कवितेतला माणूस. यंत्रांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण खिशात मावेल असा एक छोटा डिजिटल कॅमेरा मी एकदा कर्ज काढून घेतला होता. त्या खरेदीची हकीकत मला वीस वर्षांनी पुरती कळली, तीच आज सांगणार आहे.

आमच्या घरी अम्मीचा एकच फोटो होता, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. त्यात ती अम्मी वाटतच नाही, आपल्यावर कशासाठी तरी रागावलेली कुणी परकी बाई वाटते. शेजाऱ्याचा रोलचा कॅमेरा ईदेला यायचा, पण छत्तीस फोटोंतला एक आपल्यावर खर्च होतोय हे कळलं की अम्मी उठून स्वयंपाकघरात जायची. म्हणायची, पोरांचे काढा. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यात रोलच नसतो हे ऐकलं, तेव्हा मला पहिल्यांदा अम्मीच आठवली.

२००३ च्या डिसेंबरात आमचे दुल्हाभाई, म्हणजे माझ्या आपाचे यजमान, दुबईहून सुट्टीवर येणार होते. रत्नागिरीत आमच्या मोहल्ल्यातून बरीच माणसं आखातात आहेत. त्यामुळे घड्याळापासून मिक्सरपर्यंत सगळं तिकडून यायचं. मी फंडातून कर्ज काढलं आणि सोळा हजार रुपये मोजले. कवितेच्या मानधनातून कॅमेरा येत नाही, फार तर त्याचे सेल येतात.

सेलवरून आठवलं. त्या कॅमेऱ्याला चार पेन्सिल सेल लागायचे. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे सेल आणले, घड्याळात घालतो तसले. आठ फोटो निघाले आणि कॅमेरा झोपला. दुसरे चार आणले, पुन्हा तेच. मला वाटलं, फसलो. मग एका फोटो स्टुडिओवाल्याने समजावलं की घड्याळाला वीज थेंबाथेंबाने लागते, कॅमेऱ्याला एकदम घोटभर लागते आणि साध्या सेलांना ती देता येत नाही. चार्जिंगचे सेल घेतले तेव्हा गाडी रुळावर आली. ही गोष्ट विकणाऱ्याने एका वाक्यात सांगितली असती तर माझे दीडशे रुपये वाचले असते.

पण विकणारे आणि घेणारे तेव्हा एकच प्रश्न विचारत, किती मेगापिक्सेल? माझा तीन पूर्णांक दोनचा. वर्षभरात शेजारी पाचचा आला, मग सातचा, आणि मला उगाच गरीब वाटू लागलं. आता हिशेब पाहा. पोस्टकार्डाएवढा फोटो म्हणजे सहा इंच बाय चार इंच. छपाईला इंचामागे तीनशे ठिपके धरले तर अठराशे गुणिले बाराशे, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. दोन मेगापिक्सेलहून जरा जास्त. आपण सगळे तेवढेच फोटो छापून घेत होतो! उलट त्या कॅमेऱ्यांतला प्रकाश टिपणारा तुकडा, ज्याला सेन्सर म्हणतात, तो करंगळीच्या नखापेक्षा फारसा मोठा नसायचा. तेवढ्याच जागेत जास्त ठिपके कोंबले की एकेकाच्या वाट्याला प्रकाश कमी येणार आणि ट्यूबलाइटखाली चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसणार. हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसायचं.

आणखी एक खोड. बटण दाबल्यावर फोटो लगेच निघत नसे. कॅमेरा आधी अंतर जोखणार, उजेड जोखणार, मग क्लिक. तेवढ्यात माणूस हसून मोकळा झालेला असे. २००४ च्या फेब्रुवारीत बकरी ईदला मी अम्मीचे बारा फोटो काढले. चारांत डोळे मिटलेले, सहांत ती वळलेली, दोनांत फक्त ओढणी. बटण आधी अर्धं दाबून धरायचं आणि योग्य क्षणी पुरतं दाबायचं, ही युक्ती मला नाही, माझ्या भाच्याला सापडली.

हा भाचा आपाचा मुलगा. त्यांच्या गावी हायस्कूल नव्हतं म्हणून तो आमच्याकडे राहून शिकत होता, नववीत होता. कॅमेरा त्याच्या हातात जास्त शोभायचा. माहितीपुस्तक त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. मी अजूनही वाचलेलं नाही. जूनमध्ये पाऊस लागल्यावर एका दुपारी तो नानीला विचारून कॅमेरा घेऊन मांडवीच्या जेट्टीवर गेला आणि लाटांचे फोटो काढून आणले. संध्याकाळी मी ते छोट्या पडद्यावर पाहिले आणि त्याची पाठही थोपटली.

ऑगस्टमध्ये कॅमेऱ्याला काहीतरी झालं. आधी फोटोंवर जांभळी झाक आली. मग आडव्या रेघा, अँटेना हलल्यावर टीव्हीवर यायच्या तशा. चार-पाच दिवसांनी नवा फोटो नुसता काळा. गंमत अशी की बाकी सगळं चालू होतं, पडद्यावरची अक्षरं दिसत, जुने फोटोही दिसत. फक्त समोरचं दिसेना.

भाच्याला बरोबर घेऊन मी मुंबईला एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने कॅमेरा हातात फिरवला आणि विचारलं, "पावसात नेला होता का?" मी भाच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. झालं! पाण्याने बिघडलेल्याला वॉरंटी लागू नाही, त्यातून वस्तू दुबईची, दुरुस्तीला साडेआठ हजार. कॅमेरा पिशवीत घालून आम्ही कोकण रेल्वेत बसलो. चिपळूणपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. चिपळूणनंतर जे बोललो ते बोलायला नको होतं. "दुसऱ्याच्या घरात राहायचं तर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये," असं मी त्याला म्हणालो. चौदा वर्षांच्या पोराला. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

कॅमेरा, त्यातल्या कार्डासकट, मी कपाटात कोंबला. भाचा दहावी होऊन आयटीआयला गेला, वसतिगृहात राहिला. ईदेला यायचा, नानीजवळ बसायचा, माझ्याशीही नीट बोलायचा. पण आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला तो विचारल्याशिवाय हात लावेनासा झाला. पाण्याचा तांब्यासुद्धा विचारून घ्यायचा. २००९ मध्ये अम्मी गेली. तो पासपोर्टचा फोटोच मोठा करून घेतला.

पुढे मोबाइलने हे कॅमेरे गिळले. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, २०२३ मध्ये ८० लाखही गेले नाहीत. आणि आता तरुण मुलांना तेच जुने छोटे कॅमेरे हवे झालेत. मोबाइलचे फोटो फार गुळगुळीत येतात म्हणे.

माझी मुलगी पुण्याला कॉलेजात आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "अब्बू, तुमचा तो जुना कॅमेरा अजून आहे ना?" मी म्हटलं, आहे, पण पाण्याने गेलाय. तिने खालचा मॉडेल नंबर पाहून मोबाइलवर शोधलं आणि वाचायला लागली.

२००५ च्या ऑक्टोबरात अनेक कॅमेरा कंपन्यांनी एकामागोमाग जाहीर केलं होतं की आधीच्या दोन-तीन वर्षांतल्या काही मॉडेलांच्या सेन्सरमध्येच दोष आहे. आतल्या बारीक तारांची जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटते. मग फोटो वेडेवाकडे येतात, नाहीतर येतच नाहीत. त्या मॉडेलांची दुरुस्ती वॉरंटी संपलेली असली तरी फुकट होती. यादीत माझा कॅमेरा होता. उष्ण आणि दमट हवा! रत्नागिरीत दुसरी हवा असते कुठे?

दुरुस्तीवाल्याला मी दोष देत नाही. २००४ मध्ये त्यालाही हे ठाऊक नसणार. पुढच्या वर्षी मला कळू शकलं असतं, पण खोक्यातलं वॉरंटी कार्ड भरून आम्ही कधी पाठवलंच नव्हतं. कोण पाठवतं? आता त्या फुकट दुरुस्त्याही केव्हाच बंद झाल्या. तुमच्या घरच्या मुलांनी असा जुना कॅमेरा घ्यायचं काढलं तर समोर उभं राहून एक फोटो काढून बघा आणि सेलचं झाकण उघडून आत हिरवा-पांढरा गंज नाही ना, तेही बघा.

मुलीने कार्ड काढून स्टुडिओत नेलं आणि फोटो मोबाइलवर घेऊन आली. डिजिटल फोटोच्या पोटात तारीख-वेळ लिहिलेली असते. जेट्टीवरचे फोटो १२ जूनचे. शेवटचा चांगला फोटो २ ऑगस्टचा. मधल्या एकावन्न दिवसांत अठ्ठावन्न फोटो, सगळे स्वच्छ. भाच्याची साक्ष माझ्याच कपाटात वीस वर्षं पडून होती.

त्या अठ्ठावन्नांत एक अम्मीचा निघाला. मी काढलेला नाही, कधी पाहिलेलाही नाही. उंबऱ्याजवळ बसून सुपात तांदूळ निवडतेय, बाहेर पाऊस, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतेय. डोळे उघडे.

भाचा आता कुवेतला एसी दुरुस्तीचं काम करतो. त्या रात्री मी त्याला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, मला तर इतकी वर्षं वाटत होतं, माझ्याच हातून झालं. त्या दिवशी मी तो शर्टाच्या आत धरला होता. तरी एखादा थेंब गेला असेल असं वाटायचं." मला पुढे काही बोलता येईना. त्यानेच विषय बदलला. "नानीचा आहे का हो त्यात?"

मी लगेच पाठवला. तासाभराने त्याचं उत्तर आलं, "जरा वाकडा आलाय, मामू."

आलाय खरा. दाराची चौकट डावीकडे कललीय.