जात्यावरची ओवी आणि हरवलेली वाचा



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. माझी शाळा सातवीपर्यंतची. रागदारीतले मला काही कळत नाही. गाण्याचा माणसाच्या मनावर आणि वागण्यावर काय परिणाम होतो, हे आमच्या घरी जात्यापाशी जे पाहिले त्यावरूनच सांगते.

आमच्या सासूबाई आंबेगावकडच्या. पहाटे दोघीजणी समोरासमोर बसून खुंट्याला हात घालीत. ओवी सुरू झाली की हातांना ताल मिळे, दम कमी लागे आणि दळण केव्हा सरले ते समजत नसे. पण हे झाले अंगमेहनतीचे. खरी गोष्ट निराळी आहे. सासऱ्यांपुढे जे बोलायची छाती नव्हती, ते ओवीत म्हणता येई. नणंदेचे टोमणे, भाऊ न्यायला आला नाही, नवऱ्याचा अबोला, सारे तिथे निघे. पलीकडे सासू जागी असे. तिला सगळे समजे, पण ओवीचा जाब सुनेला कोणी विचारीत नसे. तेच साधे बोलून दाखवले असते तर घरात रणकंदन झाले असते. आणि कधीकधी दोन दिवसांनी सासूच आपण होऊन म्हणे, "जा, चार दिवस माहेरी राहून ये."

गिरणी आली आणि आपली दळणाच्या कष्टातून सुटका झाली. मला जाते परत नको आहे, हे आधीच सांगून टाकते! पण ओव्याही जात्याबरोबर माळ्यावर गेल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव बायकांपाशी बसून लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या. सन २०१७ पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने लोकांपुढे आणल्या आहेत. मुळशीकडच्या बायकांचे आवाज आमच्या मुलीने मोबाईलवर ऐकवले. आपल्या कुकडीकाठच्या ज्वालामुखीच्या राखेसाठी विद्वान मंडळी बोरीला येतात. ओव्यांसाठी कोणी आल्याचे मी तरी पाहिले नाही.

आता सासूबाईंचे सांगते. मागल्या आषाढात त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात लुळा पडला आणि वाचा बंद झाली. समजत सगळे होते, पण तोंडातून "ते ते" एवढेच निघे. पाणी हवे असले तरी सांगता येईना. मग ताट लोटून देत, रडत. घरातली पोरेही त्यांच्याजवळ जायला भिऊ लागली.

मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न निघाले. हळद दळायला जाते खाली काढले, धुऊन पुसून हळदकुंकू वाहिले, सवाष्णी बसल्या. सासूबाई विधवा, म्हणून रिवाजाप्रमाणे त्या सोप्यात खाटेवरच होत्या. (हा रिवाज मला पटत नाही, पण तो आजचा विषय नव्हे.) जात्याची घरघर सुरू झाली, एकीने ओवी उचलली आणि सोप्यातून दुसरा आवाज आला. सासूबाई म्हणत होत्या! शब्द न् शब्द साफ. आमचे हात थांबले तशा त्याही थांबल्या. जवळ जाऊन विचारले तर पुन्हा "ते ते". थोरल्या जाऊबाईंनी मग कोणाचे न ऐकता त्यांना धरून आणले आणि जात्यापाशी बसवले. डाव्या हाताने खुंटा धरून त्यांनी पाच-सहा ओव्या म्हटल्या. आम्ही सगळ्या डोळे पुशीत होतो आणि त्या हसत होत्या.

डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. ते म्हणाले, बोलण्याचे काम बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते आणि दुखणे तिथेच झाले. गाण्याच्या कामात उजवी बाजूही असते, ती शाबूत आहे. १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरूनच उपचाराची रीत बसवली. रोजचे बोलणे चालीवर म्हणायचे आणि डाव्या हाताने ठेका धरायचा.

तेव्हापासून आम्ही घरात ओवीच्या चालीवर बोलतो. "चहा हवा का" हेसुद्धा चालीवर! शेजारणींना आधी हसू आले. औषधे आणि मालीश चालूच आहे, आणि वाचा पुरती परतली असे मी म्हणणार नाही. दहा-बारा शब्द त्या आता चालीशिवाय बोलतात. पहिला शब्द आला तो "पाणी". ताट मात्र त्या दिवसापासून लोटले नाही.

मंडळापाशी एकच मागणे आहे. गुरुवारी दुपारी ज्यांना सवड असेल त्यांनी आमच्या सोप्यात यावे, येताना घरातल्या म्हाताऱ्या आजीलाही आणावे. जाते मांडून ठेवलेले असते. सुरुवात रामाच्या ओवीने करावी लागते. दुसरी कोणती आधी उचलली तर सासूबाई डावा हात उगारून गप्प करतात.